एकच गाणे, अनेक स्पीकर: घरच्या स्टुडिओतील मिक्स कसे तपासावे

घरच्या स्टुडिओत आपल्या मॉनिटरवर, म्हणजे काम करताना ऐकण्याच्या मुख्य स्पीकरवर, भरदार वाटलेले गाणे गायकाच्या फोनवर वाजवले की डग्गा नाहीसा होतो आणि मोटारीत वाजवले की बेसची घुमणूक शब्दांवर चढते. अशा वेळी फोनला किंवा मोटारीला नावे ठेवण्यात अर्थ नसतो. दोष बहुधा मिक्समध्येच, म्हणजे गायक आणि वाद्ये यांच्या आवाजांच्या जुळणीतच, असतो आणि आपल्या खोलीने तो आपल्यापासून लपवलेला असतो. मिक्स अनेक स्पीकरवर तपासायचे ते हा लपलेला दोष शोधण्यासाठी. प्रत्येक स्पीकरवर गाणे सारखेच सुंदर वाजावे, ही अपेक्षा ठेवून तपासणी सुरू केली तर ती कधीच संपत नाही. म्हणून प्रत्येक स्पीकरला एक ठरावीक प्रश्न विचारावा, त्याचे उत्तर वहीत लिहावे आणि दुरुस्ती मात्र मुख्य मॉनिटरसमोर बसूनच करावी, ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते.

पुढील विवेचनासाठी एक साधे भक्तिगीत डोळ्यासमोर ठेवू. त्यात एक गायक, मागे कोरस, पेटी, तबला, पखवाज, टाळ आणि कीबोर्डवर वाजवलेला बेस आहे. लावणीतील ढोलकी किंवा भावगीतातील गिटार असली तरी तपासणीची रीत फारशी बदलत नाही.

आधी खोली आणि मुख्य मॉनिटर

ज्या जागेवरून आपण निर्णय घेतो तीच फसवी असेल, तर बाहेरच्या दहा स्पीकरांचा उपयोग मर्यादितच राहतो. आपल्याकडे स्टुडिओसाठी मिळणारी खोली बहुधा दहा बाय बारा फुटांची असते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला खोलीचा स्वतःचा अनुनाद येतो. या कंप्रतांचा आवाज भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची मध्यावर असलेल्या माणसाला बेस कमी वाटतो, तो बेसचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी) वर चढवतो आणि तोच बेस दुसऱ्या घरात छाती दडपून टाकतो. घरच्या मिक्समधील सर्वाधिक गोंधळ या एकाच कारणाने होतो असे माझे मत आहे, आणि महागडे मॉनिटर घेऊन तो सुटत नाही.

म्हणून मॉनिटर खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून, आखूड भिंतीपाशी ठेवावेत आणि बसण्याची जागा समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर, म्हणजे बारा फुटांत साडेचार फुटांच्या आसपास, घेऊन पाहावी. हा आकडा सुरुवात करण्यापुरता आहे. बेसचा एकेक सूर सावकाश चढवत वाजवावा, खुर्ची वीतभर पुढे-मागे करावी आणि जिथे सूर सर्वांत समान ऐकू येतील तिथे थांबावे. दोन्ही मॉनिटर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि मॉनिटरमधील वरच्या सुरांचे छोटे शंकू, म्हणजे ट्विटर, कानाच्या उंचीवर यावेत. मॉनिटर भिंतीपासून साधारण दोन फूट पुढे असला, तर भिंतीवरून परतणारा आवाज १४० हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाला खोडतो, आणि नेमका त्याच पट्ट्यात पुरुष गायकाच्या खर्जाचा भराव असतो. लहान खोलीत मॉनिटर भिंतीच्या अगदी जवळ ठेवून त्याच्या मागचे बेस कमी करणारे बटण वापरणे हा त्यामानाने सोपा मार्ग ठरतो. कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर लावता आले तर उत्तम. अंड्यांचे ट्रे लावून खालच्या कंप्रतांवर काहीही परिणाम होत नाही, ते काढून टाकावेत.

यानंतर आवाजाची पातळी ठरवावी. कान खालच्या कंप्रतांना हळू आवाजात कमी दाद देतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजून दाखवले होते. त्यामुळे एके दिवशी मोठ्याने आणि दुसऱ्या दिवशी हळू ऐकून बेस ठरवणारा माणूस दोन वेगळी मिक्स करत असतो. लहान खोलीत ७५ डेसिबलच्या आसपासची पातळी पुरेशी असते. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा आवाज असलेला चाचणीचा सळसळाट) एका वेळी एकाच मॉनिटरमधून सोडून बसण्याच्या जागी मोजावा, दोन्ही बाजू सारख्या कराव्यात आणि नॉबवर त्या ठिकाणी खूण करावी. फोनवरचे मोजमापाचे ॲप अचूक नसते, पण रोज तोच फोन त्याच जागी धरला तर खूण पक्की राहते आणि आपल्याला तेवढेच हवे असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. बेसचे निर्णय दिवसा घ्यावेत आणि रात्र शब्द, रिव्हर्ब (कृत्रिम घुमणूक) आणि बारीकसारीक ऑटोमेशन (गाणे चालू असताना पातळ्या आपोआप बदलण्याची सोय) यांसाठी ठेवावी, म्हणजे शेजारी आणि मिक्स दोन्ही सुखात राहतात.

तुलनेसाठी ओळखीची गाणी

प्रत्येक स्पीकरचा स्वभाव समजण्यासाठी आपल्या पूर्ण ओळखीची तीन-चार गाणी लागतात. ती आपल्या गाण्याच्या जातीची असावीत. अभंगाच्या मिक्सची तुलना इंग्रजी नृत्यसंगीताशी केली तर आपला बेस कायमच अपुरा वाटेल. बाजारात आलेली गाणी मास्टर झालेली, म्हणजे प्रकाशनासाठी अंतिम संस्कार झालेली, असल्यामुळे मोठ्याने वाजतात आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. म्हणून लाउडनेस मीटरवर दोन्ही गाणी मोजून संदर्भाचे गाणे आपल्या मिक्सच्या पातळीला खाली आणावे. ही एक पायरी गाळली तर पुढची सगळी तुलना व्यर्थ जाते. कोणत्याही नव्या स्पीकरवर आधी संदर्भाचे गाणे आणि मग आपले मिक्स हाच क्रम ठेवावा, कारण तोच दोष ओळखीच्या गाण्यातही ऐकू आला तर तो स्पीकरचा आहे हे लगेच कळते.

एक लहान स्पीकर, तोही मोनोमध्ये

माझ्या मते मुख्य मॉनिटरनंतर सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे एकच लहान, साधा स्पीकर. ही काही गरिबीची तडजोड नाही. ऑराटोन ५सी हा एकाच छोट्या शंकूचा चौकोनी डबा १९७० आणि १९८०च्या दशकांत जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलाच्या डोक्यावर असे, कारण घरातला रेडिओ, टीव्ही आणि मोटार यांवर गाणे कसे वाजेल हे तो सांगत असे. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आला. त्याचा बेस तोकडा आणि मधला पट्टा उग्र होता, तरी तो स्टुडिओंचा मानदंड बनला आणि २००१ साली बंद झाल्यानंतरही त्याचा पांढरा शंकू अनेक स्टुडिओंत दिसतो. त्याचा डबा बंद असल्यामुळे खालचे सूर रेंगाळत नाहीत, आणि मधल्या पट्ट्यातील गर्दी तो निर्दयपणे उघडी पाडतो. आज तसा स्पीकर विकत घेण्याची गरज नाही. घरात पडून असलेला पूर्ण पल्ल्याचा कोणताही लहान स्पीकर छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून चालतो. मात्र त्यात वेगळा सबवूफर किंवा बेस वाढवणारी सोय नसावी.

जोडणी अशी करावी. ऑडिओ इंटरफेसला चार आउटपुट असतील तर १ आणि २ मुख्य मॉनिटरला द्यावेत आणि ३ क्रमांकावर डावा-उजवा एकत्र करून लहान स्पीकर लावावा. दोनच आउटपुट असतील तर मॉनिटर कंट्रोलर नावाचा स्विचचा डबा मिळतो. दोन्हींची पातळी जुळवताना पिंक नॉइजवर विसंबू नये, कारण लहान स्पीकरला बेसच नसतो आणि मीटर फसतो. गायकाचा आवाज दोन्हींकडे सारखा मोठा वाटेल इतके कानाने जुळवावे. मोनो, म्हणजे डावा-उजवा एकत्र केलेला आवाज, ऐकताना दोन मॉनिटरमधून एकच आवाज सोडण्यापेक्षा खरोखर एकाच स्पीकरवर ऐकणे चांगले, कारण दोन मॉनिटरांच्या मध्ये भासणारा आवाज आणि एका शंकूतून येणारा आवाज यांचा रंग वेगळा असतो.

या स्पीकरला पहिला प्रश्न असा विचारावा: शब्द कळतात का? गीताची प्रत बाजूला ठेवून, न वाचता ऐकावे. पेटी आणि गायक यांची झुंज बहुधा १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. तिथे गायकाचा फेडर वर नेण्याऐवजी पेटीच्या ईक्यूमध्ये (इक्वलायझरमध्ये) त्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलची उथळ खाच द्यावी. पेटी गायकाचीच चाल वाजवत असते, म्हणून ती थोडी मागे गेलेली कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा प्रश्न: मोनोमध्ये काय हरवले? दोन बाजूंना पूर्ण सरकवलेली वाद्ये मोनो होताना मधल्या आवाजाच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने मागे जातात. तेवढे नैसर्गिक आहे. पण कोरस अर्ध्याहून अधिक नाहीसा झाला, तर त्यावर लावलेला स्टिरिओ रुंद करणारा प्लगइन दोषी आहे. तबला आणि डग्गा यांना दोन वेगळे मायक्रोफोन लावलेले असतील, तर डग्ग्याचा आवाज दोन्हींत वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि मोनोमध्ये एकमेकांना खोडतो. एका ट्रॅकचे पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटवणारे बटण दाबून पाहावे. डग्गा ज्या स्थितीत भरीव होईल ती ठेवावी. तेवढ्याने भागले नाही तर तबल्याच्या ट्रॅकमधून खालच्या कंप्रता फिल्टरने कापाव्यात, म्हणजे डग्गा एकाच मायक्रोफोनमधून येईल. डावा आणि उजवा आवाज किती जुळतात हे दाखवणारा कोरिलेशन मीटर सतत शून्याच्या खाली जात असेल तर कानाची वाट न पाहता कारण शोधायला लागावे.

तिसरा प्रश्न डग्ग्याचा, आणि आपल्या संगीतात तो सर्वांत अवघड आहे. तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पटींत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते. काळी एकचा तबला २७७ हर्ट्झच्या आसपास लावलेला असतो, आणि मूळ स्वर दुबळा झाला तरी पटींतल्या उपस्वरांवरून कान तो जुळवून घेतो, म्हणून लहान स्पीकरवरही तबला सुरात ऐकू येतो. डग्ग्याचा घुमारा मात्र १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो, म्हणून लहान स्पीकरवर ठेक्याचा अर्धा भाग रिकामा वाटतो. अशा वेळी डग्ग्याचा बेस वाढवणे हा चुकीचा उपाय आहे. जे स्पीकरमधून येतच नाही ते वाढवून काय उपयोग? डग्ग्याची प्रत काढून तिच्यावर हलके सॅच्युरेशन (नवे उपस्वर निर्माण करणारी सौम्य विकृती) लावावे, २०० ते ५०० हर्ट्झचा भाग ठेवून बाकीचा कापावा आणि ती मूळ डग्ग्याखाली जेमतेम जाणवेल इतकी मिसळावी. मग लहान स्पीकरवर डग्ग्याच्या ‘गे’ या बोलाचा घाव आणि घसीट यांची खूण तरी उरते. मुख्य मॉनिटरवर ती ऐकू येऊ लागली तर प्रमाण जास्त झाले आहे असे समजावे.

याच वेळी बेस आणि डग्गा यांच्यात खालची जागा कोणाची, हे ठरवून टाकावे. पखवाजही असेल तर त्याच्या धुमाचा आवाज कणकेच्या लेपामुळे आणखी खोल असतो, आणि तिघांना एकाच पट्ट्यात बसवणे शक्य नसते. भक्तिगीतात मी घुमारा राखतो आणि कीबोर्डचा बेस ८० हर्ट्झखाली उतरता ठेवतो. हा रुचीचा प्रश्न आहे, पण निर्णय न घेणे मात्र नेहमीच ऐकू येते.

शेवटी आवाज अगदी हळू, शेजारच्या खोलीतील संभाषण चालू राहील इतका, करावा. तेव्हाही गायक आणि ठेका टिकून राहिले पाहिजेत. टाळ तेवढे उरले तर ते कमी करावेत. दार उघडे ठेवून दुसऱ्या खोलीतून ऐकणे हाही याचाच एक प्रकार आहे आणि फुकटचा आहे.

हेडफोन

हेडफोनवर खोली नसते, म्हणून क्लिक, श्वास, संपादनाचे सांधे, पेटीच्या भात्याची फुसफूस आणि रिव्हर्बचे शेपूट यांसाठी ते मॉनिटरपेक्षा चांगले. डावा-उजवा समतोल, रिव्हर्बचे प्रमाण आणि बेसची अंतिम पातळी मात्र त्यांवर ठरवू नये, कारण डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला मिळतच नाही आणि सगळे वास्तवापेक्षा रुंद वाटते. मागे उघडे असलेले हेडफोन मिक्ससाठी अधिक विश्वासार्ह. बंद हेडफोन गायकाच्या डोक्यावरच शोभतात. फोनबरोबर मिळणारे किंवा स्वस्तातले इअरफोनही एकदा लावून पाहावेत. त्यांत ‘स’, ‘श’, ‘च’ बोचू लागले तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (‘स’काराची धार दाबणारा प्लगइन) लावण्याची वेळ आली आहे.

फोन, ब्लूटूथ आणि टीव्ही

बहुतेक श्रोते गाणे इथेच ऐकणार असल्यामुळे हे टप्पे टाळता येत नाहीत, पण त्यांच्याकडून फार काही शिकायलाही मिळत नाही. फोन उभा धरला की खालचा स्पीकर बहुधा मोठा आणि कानाजवळचा लहान वाजतो, म्हणजे स्टिरिओ जवळपास उरतच नाही. फोनमधील डॉल्बी ॲटमॉस किंवा इक्वलायझरची सोय बंद करून एकदा आणि चालू करून एकदा ऐकावे. अनेक लोक ती चालूच ठेवतात. लहान स्पीकरवरची तपासणी नीट झाली असेल तर फोनवर सहसा टाळांखेरीज नवे काही सापडत नाही. टाळांची किणकिण ब्लूटूथच्या संकोचनात, म्हणजे आवाजाची माहिती लहान करण्याच्या क्रियेत, आणि कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये पाण्यासारखी सळसळते. तसे वाटल्यास १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग थोडा उतरवावा आणि टाळांवरचा रिव्हर्ब काढून टाकावा. ब्लूटूथ स्पीकर सूर मागाहून वाजवतो, म्हणून तो केवळ ऐकण्यासाठी वापरावा, रेकॉर्डिंगच्या वेळी कधीही नाही. लहान ब्लूटूथ स्पीकर आवाज मोठा केला की आपोआप बेस दाबतात, तेव्हा बेसविषयी त्यांचे म्हणणे मनावर घेऊ नये.

टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले असतात. तिथे केवळ शब्द ऐकावेत. गायकाला मिक्स पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये, त्यात आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर फाईल आहे तशी पोहोचते आणि दोघांच्या बोलण्यात एकच मिक्स राहते.

मोटार, भोंगा आणि मंडप

मोटारीच्या बंद डब्यात खालच्या कंप्रता आपोआप उचलल्या जातात, त्यामुळे खोलीने लपवलेला ४० ते ६० हर्ट्झचा फुगवटा तिथे ताबडतोब पकडला जातो. बेस, ट्रेबल, फेड (पुढच्या-मागच्या स्पीकरांचा समतोल) सगळे शून्यावर आणावे, आधी संदर्भाचे गाणे ऐकावे आणि मग आपले. इंजिन बंद ठेवून एकदा ऐकावे. चालत्या मोटारीत रस्त्याची घरघर खालचा पट्टा झाकते, म्हणून तिथे बेस कमी वाटला तरी तो वाढवू नये. प्रश्न एवढाच: बेसचा एखादाच सूर इतरांपेक्षा उसळतो का? तसे असेल तर त्या सुराची कंप्रता शोधून अरुंद कपात करावी किंवा त्या सुराचीच व्हेलॉसिटी (कीबोर्डच्या आघाताचा जोर) उतरवावी.

देवळावरचा भोंगा किंवा गणेशोत्सवाच्या मंडपातील सिस्टिम यांवर ऐकण्याची संधी मिळाली तर अवश्य घ्यावी, पण मिक्सचा समतोल तिथे ठरवू नये. भोंगा खालचा आवाज जवळपास देतच नाही, म्हणून तो फोनचाच थोरला भाऊ समजावा. मंडपातील सबवूफर बहुधा मोनो असतात, म्हणून बेस आणि डग्गा मध्येच ठेवावेत, आणि ३० हर्ट्झच्या खालचे जे सहसा कोणाला ऐकू येत नाही ते मास्टरवर, म्हणजे संपूर्ण मिक्सवर, फिल्टरने कापून टाकावे. ते ॲम्प्लिफायरची ताकद खाते आणि बदल्यात काही देत नाही.

वही आणि निर्णय

प्रत्येक ठिकाणी ऐकताना वहीत वेळेसह लिहावे: ‘१:१२, दुसरे कडवे, पेटी शब्दांवर’ असे. मोटारीत बसून लॅपटॉप उघडू नये. सगळी ठिकाणे झाल्यावर नोंदी शेजारी शेजारी मांडाव्यात. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन किंवा अधिक स्पीकरांवर तोच दोष आढळला तर तो मिक्सचा आहे; एकाच ठिकाणी आढळला आणि संदर्भाच्या गाण्यातही थोडाफार होता, तर त्याला हात लावू नये. एकाच ठिकाणी आढळला पण संदर्भात अजिबात नव्हता, अशा नोंदी खऱ्या कसोटीच्या असतात. त्यांसाठी मुख्य मॉनिटरवर एक डेसिबलचा बदल करून तिथे काही बिघडते का ते पाहावे. बिघडत नसेल तर बदल ठेवावा. श्रोत्याची बाजू घ्यावी.

दुरुस्त्या एका वेळी एका वाद्याच्या कराव्यात आणि फाईलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक द्यावा. दोन फेऱ्यांनंतर नोंदी एकमेकींच्या विरोधात जाऊ लागल्या, म्हणजे फोन बेस मागतो आणि मोटार तो नको म्हणते असे झाले, तर तपासणी थांबवण्याची वेळ आली आहे. त्या वेळी कान थकलेले असतात. मिक्स रात्रभर तसेच ठेवून सकाळी सर्वप्रथम लहान स्पीकरवर ऐकावे.

अंतिम फाईल २४ बिट वेव्हमध्ये काढावी आणि ट्रू पीक (आवाजाचे खरे सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर संकोचनात आवाज फाटतो. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आणि ॲपल म्युझिक उणे १६ला आणून वाजवते, त्यामुळे लिमिटरने गाणे दाबून मोठे करण्यात फायदा काही नसतो आणि तबल्याचा घाव मात्र बोथट होतो. यूट्यूबवर गाणे सार्वजनिक करण्यापूर्वी ते अनलिस्टेड, म्हणजे केवळ लिंक असणाऱ्यांनाच दिसेल असे, ठेवून चढवावे आणि तिथून परत एकदा फोनवर आणि लहान स्पीकरवर, टाळ आणि ‘स’कार यांच्याकडे लक्ष देऊन, ऐकावे.